किसनभावजींचा भोंगा

आमचे किसनभावजी, म्हंजी माझे धाकटे दीर, जेवताना ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवायचे आन् पान उडू न्हाय म्हनून त्याच्यावर भाकर ठेवायचे. पान समजलं की मंगच भाकर मोडायची. अवघड पान आलं की भाकरीचं चामडं व्हायचं. आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हनायच्या, "किसन्याचं लगीन त्या पुस्तकासंगंच लावून टाका. उलटून बोलायची तरी न्हाय."

पुस्तक इंग्रजी. मंगळवारच्या बाजारात भंगारात घावलेलं, पुढची पानं उंदरानं खाल्लेली. भावजी सातवी शिकलेले, गिरणीत यंत्रांना तेल घालायचे. शून्य आन् एक, एवढ्या दोनावर चालनारी यंत्रं कशी करायची त्ये त्या पुस्तकात हुतं. शिकवनारं कोन न्हाय. मंग आपल्याला कळलं का न्हाय त्ये बगायला मलाच शिकवायचे. मी चुलीम्होरं, डोळ्यांत धूर, आन् ह्यांचं सुरू.

"वैनी, चहा टाकायचा तर आईनं बी व्हय म्हनायला पायजे आन् तुमी बी. एकीनं म्हनून चालत न्हाय. ह्येला 'अँड' म्हनत्यात."

"एकीनं म्हनलं तरी चालतंय, असं कुटं असतंय?"

"त्ये 'ऑर'. आपल्या घरात न्हाय."

"आन् मी म्हनंन त्याच्या उलटंच आत्याबाई करत्यात, त्ये?"

"त्ये 'नॉट'!" भावजींनी मांडीवर थाप मारली. "वैनी, तुमी माझ्या म्होरं निगालाव की!"

त्येंचं एक पालुपद हुतं. "यंत्राला 'बगू', 'करू' कळत न्हाय. व्हय, न्हायतर न्हाय."

माझं मालक वारल्यावर मी गल्लीच्या तोंडाला, कापडाच्या मागांच्या कारखान्यात कांड्या भरायची. सूत गुंडाळून गुंडाळून बोटं चिरायची. त्ये चालायचं. पन पान्याचं काय करावं? गल्लीच्या नळाला पानी दिवसातनं एकदा, कवा त्ये नळालाच ठावं. अर्धा घंटा आलं की गेलं. पानी आलं तर कामावरनं पळत जायची मुभा हुती, वाट बगत बसायची न्हाय. आत्याबाई डोळ्यानं अधू, कानानं बी. म्हनून माझी सुमी शाळा बुडवून नळावर बसायची. पाचवीतली पोर. मास्तरांनी निरोप धाडला, "आता एक खाडा झाला की नाव कमी करनार."

मी रडले न्हाय. रडून घागर भरत न्हाय. भावजींना म्हनलं, "पानी आल्यालं सांगंल असं काय तुमच्या पुस्तकात हाय का?"

"बगतो," म्हनले.

"बगतो? व्हय का न्हाय?"

भाकर हातात तशीच राहिली. मंग म्हनले, "व्हय."

भंगारातली बॅटरी आनली, ट्रकचा भोंगा आनला. नळाखालच्या घमेल्यात दोन तारा सोडल्या. पानी तारांना लागलं की भोंगा वाजनार. सुमीला म्हनलं, उद्या शाळंत जा.

दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा जो वराडला! कारखान्यातल्या समद्या बायका उठल्या. हंडे, कळश्या, कोनी तर पातेलं घेऊन पळालं. मी बी पळाले. बगते तर नळ कोरडा ठाक. आन् आत्याबाई घमेल्याम्होरं हात जोडून बसल्यात. नव्या यंत्राला नारळ फोडायला नगं का? फोडला. चाचपत फोडला. नारळाचं पानी सगळं तारांवर. भोंगा कानाशी बोंबलतोय आन् आत्याबाईंना त्याचा पत्ता न्हाय. मला बगून म्हनल्या, "आलीस व्हय? खोबरं घे."

शेजारच्या लक्ष्मक्कानं कपाळाला हात लावला. "अय्यो, किशनअण्णा, तुझा भोंगा खोबऱ्याला बोलावतंय का रं?"

कारखान्याचे शेठ दारातच हुते. मला म्हनले, "पुन्यांदा खोट्या भोंग्यावर उठलीस तर परत यायचं न्हाय."

त्या राती भावजी जेवले न्हाईत. मीच म्हनलं, "अवो, घमेलं एकटंच व्हय म्हनलं. दुसरं कोन हुतं व्हय म्हनायला?"

भावजींनी पुस्तक जवळ वडलं. "म्हंजी... घमेल्यानं बी व्हय म्हनायचं आन् नळाच्या तोंडानं बी?"

"चहाचं बी तसंच न्हवं का?"

मंग नळाच्या तोंडात दुसऱ्या दोन तारा आल्या. दोन्हीकडं पानी लागलं तरच भोंगा. आत्याबाईंनी दुसरा नारळ मागितला, त्यो आमी घरातल्या देवाम्होरं फोडायला लावला.

पन गल्लीचा इस्वास उडाला हुता. दोन दिसांनी भोंगा वाजला तवा एक बाई जाग्यावरनं हालली न्हाय. लक्ष्मक्का म्हनली, "आज काय, प्रसाद हाय?" शेठ माझ्याकडंच बगत हुते. उठावं तर काम जातंय, बसावं तर सुमी उद्या नळावर बसतीय. मी हातातली कांडी खाली ठिवली आन् उठले.

नळाला मनगटाएवढी धार! रांग न्हाय, भांडान न्हाय. जल्मात पयल्यांदा आख्खा नळ माझा एकटीचा. हंडे भरले, घागरी भरल्या, काठवट भरली, आत्याबाईंचा पानाचा डबा बी भरला असता. मंग हाका मारल्या. पयले पळत आले त्ये शेठ, बादली घेऊन.

सुमीचं नाव राहिलं. भोंगा त्या गल्लीत लई वर्सं वाजला, तारा बदलून बदलून.

भावजी म्हातारे झाले, दवाखान्यात पडले. उशाशी यंत्र, त्याच्यावर हिरवी रेघ नाचायची. मला जवळ बलावून म्हनले, "वैनी, ह्ये एकटंच बोलतंय. तुमी हात धरून बसा. एकाचं ऐकायचं न्हाय."

बसले. पहाटं रेघ सरळ झाली. यंत्राजवळ सुमी उभी हुती, तिनं मान हलवली. भावजींचा हात गार हुईस्तवर धरून बसले. मंग मी बी म्हनलं, व्हय.