दारातून मागे फिरलेला

त्या वर्षी मी एचएसआर लेआउटमधल्या एका ऑफिसात लंडनच्या वकिलांसाठी निकालपत्रांचे सारांश लिहीत असे. विषय एकच, गुन्ह्याचा प्रयत्न. इंग्लिश कायद्यात मनात येणं गुन्हा नाही, नुसती तयारीही नाही. पण माणूस तयारीची हद्द ओलांडून कृतीला लागला की तो प्रयत्न, आणि प्रयत्न हा गुन्हाच. वाचून वाचून मी विटले होते.

सर्जापूर रोडला आमच्या शेजारी अक्का एकट्या राहायच्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, त्यामुळे त्यांचं मराठी कानडीत भिजलेलं. रोज सकाळी त्या देवळात जात. एकदा गुडघा दुखला म्हणून घरीच राहिल्या, आणि नेमकं त्याच दिवशी कुणीतरी स्क्रूड्रायव्हरने त्यांचं कुलूप उचकटलं. पूर्वी पाण्याचे कॅन आणून देणारा माणूस होता तो. जिन्यात वॉचमनने त्याला हत्यारासकट पकडलं.

मी धावत गेले तेव्हा अक्का स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या.

"त्यानं दार उघडलं, आत बघितलं. मी दिसले नाही त्याला. मी श्वासपण घेतला नाही गे. मग त्यानं आपणहून दार ओढून घेतलं आणि गेला. काही नेलं नाही, मग गुन्हा कसला?"

"प्रयत्नाचा, अक्का. इथेही तो गुन्हाच आहे."

"पण फिरला की मागे!"

आदल्याच आठवड्यात मी हेच लिहिलं होतं : एकदा प्रयत्न झाला की मागे फिरणं हा बचाव होत नाही, फार तर शिक्षा कमी होते. आपल्याकडेही बहुतेक तसंच, असं मी सांगितलं. इतक्या थकल्या आवाजात, की अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या.

"स्वल्प बस, थोडी टेक," त्या म्हणाल्या. "तूच दमलेली दिसतेस."

पोलीस त्याला घेऊन गेले. जामीन द्यायला कुणी पुढे आलं नाही, तो आतच राहिला. नंतर तारखा सुरू झाल्या. मी सुट्टी काढून अक्कांना कोर्टात न्यायचे. बाकावर ताटकळायचं, नाव पुकारलं की उठायचं, पुढची तारीख घेऊन ट्रॅफिकमधून परतायचं. अक्कांचा गुडघा सुजायचा. "नको जाऊया," असं मीच एकदा म्हणाले.

"त्यानं दार ओढून घेतलं, हे मी नाही सांगितलं तर कोण सांगणार?"

शेवटी साक्ष झाली. अक्कांनी कुलूप मोडल्याचं सांगितलं, आणि दार लावून घेतल्याचंही, दोन्ही तितक्याच स्पष्टपणे. त्याने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी त्याला दोषी ठरवलं, पण आत काढले तेवढे दिवस पुरे म्हणून सोडून दिलं.

बाहेर व्हरांड्यात तो आमच्यासमोरून गेला. अक्कांकडे बघून थबकला, मग पुढे गेला.

"सरी, ठीक आहे, चल," अक्का मला म्हणाल्या. "रिक्षा बघ. पाय उचलत नाही आता."