गप्प बसलेले गोपाळमामा

समोरच्यानं हातात पाना घेतला, की आमचे गोपाळमामा घाईघाईनं तोंडात सुपारीचं खांड टाकायचे. हौस म्हणून नव्हे, तोंड बंद राहावं म्हणून. स्टँडवर रिक्षावाला प्लग साफ करत असो, नाहीतर शेजारी कुणी नळाचा वायसर बदलत असो, मामा तिथं उभे राहणार, खांड या गालातून त्या गालात फिरवणार, पण अक्षर बोलणार नाहीत. मामी एकदा वैतागून म्हणाल्या, "आवं, सगळं दात पाडून घेताय का काय?" मामा म्हणाले, "पडू दे. जीभ हालण्यापरीस दात हालल्यालं बरं."

ज्यांनी आधीचे मामा पाहिले होते, त्यांना हे खरंच वाटायचं नाही. मामा दौंडला रेल्वेत डिझेल इंजिनांचे फिटर होते. इंजिनाच्या धडधडाटात बोलायची सवय, त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी सगळ्या गल्लीला कळायचं. रिटायर झाल्यावर त्यांनी घराशेजारीच ट्रॅक्टरदुरुस्तीचं गॅरेज टाकलं, नितीनला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलाला हाताखाली घेतलं आणि सकाळ-संध्याकाळ त्याला फैलावर घेतलं. "नट हाय त्यो, नारळ न्हाई फोडायला!" "जोर काय, रेड्याला बी आसतो. डोकं लाव." "पाना धरलाय का पळी?" आम्ही भाचरं पाहुणी गेलो की हे ऐकून पोट धरून हसायचो. नितीन हसायचा नाही. पुढे एक दिवस तो घर सोडून गेला, लातूरला कापडाच्या दुकानात लागला. आईला फोन करायचा, वडिलांना नाही. तेव्हापासून मामांची सुपारी सुरू झाली.

मी शिरूरला राहते, रांजणगावच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करते. चाळिशी आली तशी मला अवदसा आठवली आणि मी तिसऱ्या हाताची, पिवळी, उघडी स्पोर्ट्स कार घेतली. सासूबाई कवठे येमाईहून मुद्दाम पाहायला आल्या. गाडीत दोनच सीट. "दोनच मान्सं? मंग आमी काय टपावर बसायचं?" दीर म्हणाला, "आई, टप बी न्हाई तिला!" नवऱ्याचं मत असं, की जिच्यात कांद्याची गोणी बसत नाही तिला गाडी म्हणू नये. नावं ठेवली नाहीत ती फक्त मामांनी. ते दौंडहून यष्टीनं आले, गाडीभोवती फिरले, उकिडवे बसून खाली डोकावले आणि म्हणाले, "मने, पोट लई खाली हाय हिचं. आपल्या रस्त्यानं जपून न्ये." बस, एवढंच. मला किती बरं वाटलं! मामा निवळले म्हणून मी खूश होते, बघा. कशानं निवळले हे विचारायचं काही मला सुचलं नाही.

गिअरबॉक्सचं ऑइल घरीच बदलायचं मी ठरवलं, कारण गावातले गॅरेजवाले आधी गाडीसोबत फोटो काढायचे आणि मग म्हणायचे, "मॅडम, हिला पुण्याला न्या." मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून माझा अभ्यास झाला होता. मामांना सोबतीला बोलावलं, तर ते पोत्यात चार लाकडी ठोकळे घेऊनच उतरले. "नुसत्या जॅकवर इस्वास ठिवून गाडीखाली शिरायचं न्हाई. जावयाला मी काय त्वांड दाखवू?" गाडी ठोकळ्यांवर घेतली, चाकांना दगड लावले, आणि मी पोतं अंथरून खाली शिरले. मी पाना घेतल्याबरोबर मामांनी खांड घेतलं.

जुनं ऑइल सोडण्याआधी मी नवं ऑइल भरायचा वरचा बोल्ट सैल होतो का, ते पाहिलं. व्हिडिओत तसं बजावलं होतं. मामा वाकून बघत होते. "ह्ये कुठं शिकलीस?" "मोबाईलवर." "शानी हायेस," म्हणाले आणि उगाचच अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन आले. मग मी खालचा बोल्ट काढला. काळं ऑइल घमेल्यात उतरलं. घोळ पुढं होता. ऑर्डर केलेल्या ऑइलचं पार्सल आलंच नव्हतं, ते पुण्यातच अडकलेलं. गाडी रिकाम्या पोटानं ठोकळ्यांवर, आणि मला तर दम निघेना. पडवीत नवऱ्यानं ट्रॅक्टरसाठी आणलेला नव्वद नंबरच्या ऑइलचा डबा होता. म्हटलं, गिअरचं ऑइल ते गिअरचं ऑइल, त्याला काय जात असते?

मामांनी डबा उचलला, हात लांब करून लेबल वाचलं. तोंडातलं खांड थांबलं.

"मने, ह्ये…"

"मामा, मला करू द्या ना! सगळं मीच करणार म्हटलंय ना?"

हसतच म्हणाले मी, पण आवाजाला धार होती. मामांनी डबा खाली ठेवला आणि दुसरं खांड तोंडात टाकलं. मी हातपंपानं ऑइल भरलं, भोकातून ओघळायला लागल्यावर बोल्ट आवळला आणि बाहेर येऊन अंगणात नाचले. मामांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

थंडी पडली तसा दुसरा गिअर कुरकुरायला लागला. मग करकरायला लागला. शेवटी मी दौंडला मामांकडेच निघाले होते, तेव्हा न्हावऱ्याच्या अलीकडे तो पडेचना. गाडी टेम्पोत घालून पुण्याला नेली. तिथल्या मेकॅनिकनं गिअरबॉक्स उघडून दाखवला. आतल्या पितळेच्या कड्या झिजून गेल्या होत्या. "हे ऑइल पितळेला चालत नाही, मॅडम. ट्रॅक्टर समजलात का हिला?" मी मामांना फोन लावला आणि गंमत म्हणून सगळं सांगितलं. "हसा ना, मामा!" पलीकडून फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या यष्टीनं मामा दारात. चप्पल काढेनात, चहा घेईनात.

"मने, मला डाऊट आला व्हता. पक्कं ठावं न्हवतं, पर आला व्हता. डबा बगितला तवाच."

"मग बोलला का नाहीत?"

मामा उंबऱ्यावरच टेकले. त्या दिवशी त्यांनी नितीनची गोष्ट सांगितली. नितीननं एका ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं ऑइल आधी सोडलं, आणि मग बघतो तर भरायचा बोल्ट गंजून घट्ट. गिऱ्हाईक समोर बसलेलं. "मी लई बोललो. आकलंवर बोललो, आईवर बोललो. त्यो काय सुदीक बोलला न्हाई. पाना जागच्या जागी ठिवला आन् नळावर हात धुया गेला. लई येळ धूत व्हता, नखातलं काळं निघंपर्यंत. मला वाटलं, जेवाया निघालाय." मामांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "तवाच ठरावलं, आता कुणाच्या हातात पाना आसंल तर आपलं त्वांड बंद. तू म्हनलीस मला करू द्या, आन् मला त्योच दिसला. गप बसलो. आन् तुझी गाडी मारली."

"गाडी मी मारली, मामा. ऑइल मी ओतलं."

"मी बगत व्हतो."

"मीच तुम्हाला गप्प केलं!"

"तू ल्हान हायेस. चूक मपलीच."

हॉटेलच्या गल्ल्यावर बिल मी देतो, मी देतो म्हणून दोघं झोंबतात ना, तसे आम्ही त्या चुकीसाठी झोंबत होतो. दोघांपैकी कुणीच मागं हटलं नाही. चहा मात्र निवून गेला.

गाडी दुरुस्त होऊन आली. थोडी चालवून ऑइल पुन्हा बदला, असं मेकॅनिकनं सांगितलं होतं. या वेळी योग्य ऑइल मी आधी घरात आणून ठेवलं आणि मगच मामांना बोलावलं. ते आल्या आल्या त्यांच्या खिशातली सुपारीची डबी काढून घेतली. "आज बोलायचं. मनात येईल ते बोलायचं." मामा आधी चाचरले. "जरा… डावीकडनं धर." मग घसा मोकळा झाला. "आगं, उलटा फिरावतीस! ह्यो बोल्ट हाय का पाटा-वरवंटा? कारखान्यात पगार कशाचा घेतीस गं, आँ?" मी गाडीखाली आडवी, कोपरावरून ऑइलचा ओघळ चाललेला, आणि वरून हा भडिमार. कारखान्यात माणसं मला वचकून असतात. पण तिथं पडल्या पडल्या मला रागानं रडू फुटलं. नितीननं हे वर्षानुवर्षं सोसलं होतं, आणि आम्ही हसत होतो.

"बास, मामा!" मी बाहेर येऊन ओरडले.

मामांचं तोंड एवढंसं झालं. हात आपसूक खिशाकडे गेला. "बगितलंस? मला मधलं येतच न्हाई. येक तर वराडतो, न्हाई तर गप."

ते सहज म्हणाले, पण मला चटका बसला. मी म्हटलं, "मामा, नितीनला फोन करा ना."

"आन् काय बोलू? पयलं वाक्य वरडूनच निघंल. त्यापरीस गप ऱ्हायल्यालं बरं. निदान त्याच्या कानाला तरी सुख."

"मग मी करते. तुम्ही का बोलत नाही, ते सांगते त्याला."

"नगं! त्याला वाटंल, बाप भाचीला म्होरं करतोय. शपथ हाय तुला, मने."

आणि मी मान डोलावली. एक गप्प बसणं कसं महागात पडतं हे नुकतंच पाहिलेली मी, मोठ्या माणसाची शपथ म्हणून मुकाट्यानं मान डोलावली. उरलेलं काम आम्ही उरकलं.

मागच्या उन्हाळ्यात मामा गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. लातूरहून नितीन आला, सगळं रीतसर केलं. माणूस केवढा बदललेला. इस्त्रीचा शर्ट, गिऱ्हाइकाशी बोलून बोलून मऊ झालेला आवाज. तेराव्याला पंगती चालू असताना तो बंद गॅरेजच्या पायरीवर एकटाच बसला होता. मी शेजारी जाऊन बसले.

"ताई, आप्पा कधी माझं नाव काढायचे का?"

मग मी सगळं सांगितलं. सुपारी, ऑइलचा डबा, हात धुण्याची गोष्ट, मधलं येत नाही म्हणाले ते. नितीन जमिनीकडे बघत ऐकत होता.

"मला वाटलं, त्यांनी माझं नावच टाकलं," तो म्हणाला. "आप्पा आणि गप्प? कधी झालंय का असं? मला वाटलं, आपण मेलो त्यांच्या लेखी. ताई, नुसता फोन करून शिव्या घातल्या असत्या ना, तर मिळंल त्या गाडीनं आलो असतो."

मामांनी शपथ घातली होती म्हणून मी बोलले नाही, एवढं कसंबसं सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. बोलावं, चार शब्द तोडून बोलावं, वडिलांसारखं गल्लीला ऐकू जाईल असं ओरडावं, अशी मी वाट बघत राहिले. पण तो उठला, घरात गेला आणि पंगतीत वाढायला लागला.