पाच गाठींचा गुरू

माझ्या थोरल्या जाऊबाईंची गिऱ्हाइकं नऊच. नऊही वीतभर उंचीची, काळ्या दगडाची. "मापं वाढत नाहीत आणि काखेत घट्ट होतंय म्हणून परत येत नाहीत. असं गिऱ्हाईक मिळायला पुण्य लागतं," असं वहिनी म्हणतात. आमच्या वस्तीतल्या देवळातल्या नवग्रहांचे कपडे त्या बावीस वर्षं शिवताहेत.

त्यांचं मशीन स्वयंपाकघरात, फ्रिज आणि खिडकी यांच्या मधल्या जागेत. महिन्याला नऊ कपड्यांचा एक जोड शिवायचा, बुधवारी संध्याकाळी देवळात जाऊन स्वतःच्या हातांनी नेसवायचा. ज्याचा त्याचा रंग ठरलेला. गुरूला पिवळा, शुक्राला पांढरा, शनीला काळा. तेलाने आणि लोकांच्या हातांनी त्या दगडांची नाकडोळे केव्हाच झिजून गेलेत, त्यामुळे कपडा हीच त्यांची ओळख. ओठांत टाचण्या धरून वहिनी वीतभर कापडाला अशी टीप मारतात, की उलटी बाजू कुठली ते सांगता येऊ नये.

"ग्रहांना दर महिन्याला नवं," भाऊजी पेपरामागून म्हणायचे. "आमच्या शर्टाची कॉलर गेली त्याला वर्ष झालं."

"तुम्ही पण नऊ वर्षं एका जागी गप्प बसून दाखवा, शिवते."

वर्षभर वहिनी मला सुई ओवायला सांगत होत्या. "तुझे डोळे चांगले, तेवढं ओव गं." कापड गॅलरीत नेऊन उन्हात धरायच्या. मी विचारलं की चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. मीही खोलात गेले नाही. मोठ्या जावेला दुसऱ्यांदा विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

त्या गुरुवारी आमचे पुजारी बाहेरगावी होते आणि बदलीवर एक नवखे पुजारी आले होते. ग्रहांची मांडणी प्रत्येक देवळात वेगळी, त्यामुळे नवख्या माणसाने रंग बघूनच पूजा सांगायची. लांबून एक कुटुंब आलं होतं. आई, वडील आणि तिशीची मुलगी. पत्रिकेत गुरू दुबळा, लग्न जमत नाही, म्हणून सोळा गुरुवार सोळा देवळांत गुरूची पूजा, असा आईचा नेम होता. हे सोळावं. नवख्या पुजाऱ्यांनी पिवळा कपडा दाखवला, आईने पिवळी फुलं वाहिली, डोळे पुसले, मंडळी गेली.

शुक्रवारी सकाळी आमचे पुजारी परतले. दिवा लावला आणि थेट वहिनींच्या दारात आले. मी तिथेच चहा घेत होते.

"वहिनी, गुरूला पांढरं आणि शुक्राला पिवळं कसं काय?"

वहिनींनी कात्री खाली ठेवली. मग त्यांनी एकच विचारलं, "काल पूजेला कोण आलं होतं?"

पुजाऱ्यांनी सांगितलं, आणि लगेच हात झटकले. "जाऊ द्या हो. आज बदला. देव भावाचा भुकेला."

"देवाला कळतो हो भाव. पण आपली फुलं कुणाला गेली, ते त्या बाईंना नको का कळायला? देवळाच्या वहीत पत्ता असेल ना?"

शनिवारी आम्ही दोघी बसने निघालो. दोन तास. वहिनी पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. मला कळत होतं त्यांना कशाची धास्ती आहे. देवळाच्या अध्यक्षांचं औषधाचं दुकान आहे आणि त्यांच्या भाचीचं तयार कपड्यांचं. तिच्याकडचे सॅटिनचे नऊ कपडे वर्षभर अध्यक्षांच्या कपाटात संधीची वाट बघत होते. चूक कबूल करायची म्हणजे काम हातचं घालवायचं. आणि त्या कामाखेरीज घरात वहिनींच्या स्वतःचं असं काही नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर मुलीच्या आईनेच दार उघडलं. वहिनी चपलाही न काढता बोलल्या.

"तुमची फुलं गुरूला पोचली नाहीत. शुक्राला गेली. कपड्यांची अदलाबदल माझ्या हातून झाली. मला पिवळं आणि पांढरं आता नीट कळत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू आहे."

मोतीबिंदू हा शब्द मीही तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

ती बाई तिथेच खुर्चीत बसली. "सोळा गुरुवार! दुखऱ्या गुडघ्यांनी सोळा देवळांच्या पायऱ्या चढले. दिसत नाही तर कशाला शिवता हो? घरी बसा ना!"

आतून मुलगी आली. हातात पाण्याचे दोन पेले होते. आत इस्त्री तापत पडलेली मला दिसत होती. "आई, शुक्रही लग्नाचंच खातं सांभाळतो ना? उलट दोन्ही साहेबांकडे अर्ज गेला."

वडील हसले. आई हसली नाही. वहिनीही नाहीत.

"अर्ज ज्याचा त्यालाच मिळायला हवा," वहिनी म्हणाल्या. "येत्या गुरुवारी या. मी असेन."

"येईन. पण कपडा माझ्यासमोर नेसवायचा."

परतल्यावर वहिनी घरी न येता आधी औषधाच्या दुकानात गेल्या आणि अध्यक्षांना सगळं सांगितलं. मी म्हटलं, त्यांना कुठे माहीत होतं? तर म्हणाल्या, "तिकडे सांगायचं आणि इकडे लपवायचं, मग बसचा प्रवास कशाला केला?" अध्यक्ष फार गोड बोलले. आता तुम्ही आराम करा, म्हणाले.

घरी आल्यावर वहिनींनी कापडांची पिशवी माझ्यापुढे उपडी केली. "रंग तू सांग. पुढचं माझं."

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कुणाला त्या कापडाला हात लावू दिला. मी रंगाप्रमाणे कापडं लावून ठेवली, त्या शिवत गेल्या. प्रत्येक कपड्याच्या काठाला आतल्या बाजूने त्यांनी मोहरीएवढ्या गाठी घातल्या. रविवारच्या सूर्याला एक, सोमवारच्या चंद्राला दोन, असं करत शनीला सात. राहूला आठ, केतूला नऊ.

गुरुवारी सकाळी ती आई फुलांची परडी घेऊन आली, सोबत मुलगी. अध्यक्षही आले, काखेत सॅटिनचा गठ्ठा. "वहिनी, उगाच धोका कशाला?"

"पाच मिनिटं द्या," वहिनी म्हणाल्या आणि मला जवळ बोलावलं. "तुझी ओढणी दे. बांध डोळ्यांवर. घट्ट."

मी बांधली. कपडे एकत्र करून टोपलीत दिले. वहिनींची बोटं काठावरून फिरायची, थांबायची, आणि हात बरोबर त्या त्या दगडाकडे जायचा. जागा त्यांना पाठच होत्या. सूर्य झाला, शनी झाला, केतू झाला. मग एक कपडा हातात घेऊन त्या थांबल्या. गाठी मोजल्या. पुन्हा मोजल्या. तिसऱ्यांदा मोजल्या. कपडा पिवळा होता आणि ते सांगायला माझी जीभ वळवळत होती. पण मी दातांखाली धरली.

वहिनींनी तो गुरूला नेसवला.

नऊही झाल्यावर ती आई पुढे आली. तिने गुरूच्या कपड्याचा काठ उलटला आणि बोट ठेवून मोठ्याने मोजलं, "एक, दोन, तीन, चार, पाच." मग खाली बसून परडी उघडली.

"सॅटिनला चमक मात्र छान असते हं," अध्यक्ष कुणाकडेच न बघता म्हणाले.

फुलं वाहता वाहता मान न वळवता बाई म्हणाली, "त्याला गाठी आहेत का?"

मुलीने हसू दाबलं. पुजाऱ्यांनी घंटेकडे बघितलं. अध्यक्षांनी गठ्ठा या काखेतून त्या काखेत घेतला आणि दुकान उघडायची वेळ झाली म्हणून निघाले.

"गेले का?" वहिनींनी हळूच विचारलं.

"गेले."

"मग सोड की ही ओढणी. ऑपरेशनची तारीख घ्यायला जायचंय आज. आणि जाता जाता काळं कापड बघू, शनीचं संपत आलंय."