अण्णांचा थांबणारा हात

परभणीचा माणूस नोकरीसाठी जर्मनीला निघाला की गावाकडं काय विनोद होतात, ते परभणीच्या माणसाला सांगायला नको. मला निरोप द्यायला आमच्या झरी गावच्या स्टँडवर आलेल्या प्रत्येकानं ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हा एकच विनोद स्वतःला आत्ताच सुचल्यासारखा केला आणि मीही दर वेळी नव्यानं हसलो. इथं येऊन आता बरीच वर्षं झाली. बीटाच्या बियाण्याच्या एका कंपनीत काम करतो, लहानशा गावात राहतो आणि कुणी विचारलं, कुठले तुम्ही, तर आधी झरी म्हणतो, मग इंडिया. समोरच्याला झरी कळत नाही. न कळेना का. आपण आपलं गाव सांगायचं सोडू नये.

इथं रविवारी आवाज करायचा नाही असा नियमच आहे. भिंतीला भोक पाडायचं नाही, गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा त्यांच्या पेटीत टाकायच्या नाहीत. पहिल्या वर्षी ही शांतता मला खायला उठायची. आमच्याकडं गल्ली एवढी गप्प असली तर माणूस दार उघडून विचारतो, काय झालं म्हणून. पण सवय झाली आणि मग गोडीही लागली. सकाळी खिडकीपाशी बसावं, बायकोनं डब्यातली कोथिंबीर जगवायची धडपड चालवलेली असावी, चहा उकळत असावा आणि कुणालाच कुठं जायचं नसावं. ही श्रीमंती मला झरीत कधी मिळाली नव्हती. झरीत रविवारी शेत असायचं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. दूध डेअरीत नोकरी करून निवृत्त झालेले, एकटे. गावच्या बँडमध्ये ते मोठा ढोल वाजवतात. आपल्याकडं लग्नात बँड असतो तसाच हा बँड, फक्त ह्याला लग्न लागत नाही. जत्रा, मिरवणूक, कुणाची माती, काहीही असलं तरी ही मंडळी पितळी वाद्यं घेऊन हजर. एकदा जिन्यात त्यांचा ढोल वर चढवायला मी हात दिला, आणि त्या बदल्यात त्यांनी कॉफीला बोलावलं. तिथून रविवारची प्रथाच पडली. दहाच्या सुमाराला मी खाली जायचं. कॉफी त्यांची, काहीतरी खारं आमच्याकडचं. आणि दोघांनी आपल्या आवडीचं एकेक गाणं दुसऱ्याला ऐकवायचं. ऐकताना बोलायचं नाही, हा नियम त्यांचा. एकच ऐकायचं, हावरटासारखं दुसरं लावायचं नाही, हा माझा.

सुरुवातीला मी सिनेमातली गाणी लावायचो. वाटायचं, परक्या माणसाला सोपं जाईल. ते मान डोलवायचे, छान म्हणायचे, पण पाहुण्यानं भाजी छान म्हणावी तसं. मला राग यायचा. मग एका रविवारी मी मनाशी म्हटलं, आवडीचं लावायचं ठरलंय ना, मग आपल्या खऱ्या आवडीचं लावू. आणि मी अण्णांचं भजन लावलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर कापूस, ज्वारी आणि पखवाज. मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळात पखवाज त्यांचाच. जर्मनीला यायच्या आधीच्या एकादशीला मी ते भजन मोबाइलवर घेतलं होतं. त्यात खोकला आहे, एसटीचा हॉर्न आहे, कुणीतरी मध्येच पाणी मागतंय. आणि ह्या सगळ्याच्या खालून अण्णांच्या डाव्या हाताचा घुमारा येतो. रांजणात कुणी हाक मारावी तसा.

संपल्यावर आजोबांनी माझा नियम मोडला. "पुन्हा लावा," म्हणाले. ह्या वेळी टेबलावर बोट ठेवून बसले, आणि जिथं जिथं डावा हात पडायचा, तिथं बोट टेकवायला लागले. दर वेळी त्यांचं बोट केसभर आधी पडायचं. शेवटी हसून म्हणाले, "हा माणूस थांबतो. तो ठोका पडणार हे मला माहीत असतं, तरी तो थांबतो. आमचा बँडमास्तर आम्हाला हेच शिकवून थकलाय."

आता हे कुणा गोऱ्या माणसाचं सर्टिफिकेट म्हणून मी सांगत नाही. अण्णांचा हात काय आहे हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण त्या दिवशी ते बोलणं माझ्या मनातून जाईना, त्याला कारण वेगळं होतं. त्या थांबण्यापायीच अण्णांचा पखवाज सुटला होता.

झालं होतं असं. मंडळात नवी पोरं आली. माईक आले, मोठे भोंगे आले, चालीही धावायला लागल्या. एका भजनात कुणीतरी अण्णांना म्हणालं, "काका, जरा हात उचला की. झोप यायलीय." म्हणणाऱ्यानं सहज म्हटलं असेल. अण्णांनी भजन पुरं केलं, डाव्या बाजूची कणीक खरडून काढली, पखवाजाला खोळ घातली आणि घरी आणून खुंटीला टांगला. त्यानंतर दोनेक वर्षं त्यांनी त्याला हात लावला नव्हता. भजनालाही जाणं सोडलं होतं. हे सगळं मला आईनं सांगितलं होतं. अण्णांना विचारलं की ते कापसाच्या भावाचं बोलायला लागायचे. फोनवर त्यांचा आवाज दर वेळी थोडा बारीक वाटायचा, आणि इतक्या लांब बसून मला एकच भीती होती, की हा माणूस असाच गप्प होत जाणार.

आजोबांचं बोलणं मी त्याच दिवशी अण्णांना फोनवर सांगितलं.

"त्याला काय कळतंय?" अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "अजून काय म्हणला?"

"म्हणला, हा माणूस थांबतो."

"हं." आणि कापसाचा भाव.

पण पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःहून विचारलं, "तो तुझा ढोलवाला काय करायलाय?" मी जिन्याच्या पायरीवरच होतो. फोन तसाच घेऊन खाली गेलो आणि आजोबांच्या साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. तिकडं झरीत दुपारची जेवणं झाली होती. अण्णा बाजेवर बसले होते, मागं आई शेंगा फोडत होती. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना बघून घेतलं. भाषेचा प्रश्नच नव्हता, कारण दोघंही काही बोलले नाहीत.

रविवार असल्यामुळं आजोबांना ढोल काढता येईना. त्यांनी कॉफीच्या कपाखालचा टॉवेल दुमडून टेबलावर ठेवला आणि त्यावर दोन्ही हातांनी आपल्या बँडचा ठेका धरला. अण्णांसाठी नमस्कार म्हणूनच तो असावा. अण्णा लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"लय घाई करायलाय गडी," ते मला म्हणाले. "त्याला म्हणावं, पळून चालला न्हाई कुठं तो ठोका."

मी ते आजोबांना सांगितलं. ते मोठ्यानं हसले आणि हातानं खूण केली, मग तुम्हीच दाखवा. अण्णांनी बाजेच्या लाकडावर बोटं वाजवून बघितली. समाधान होईना. दुसऱ्यांदा वाजवली. मग उठले.

खुंटीवरचा पखवाज त्यांनी खाली काढला, खोळ झटकली आणि मांडी घातली. चामड्याच्या वाद्या सैल पडल्या होत्या. हातोडीनं त्यांच्याखालचे लाकडी गठ्ठे ठोकत ठोकत त्यांनी उजवी बाजू सुरात आणली. आईनं शेंगा बाजूला सारल्या. अण्णा वर न बघता म्हणाले, "कणीक आण जरा."

हे आजोबांना समजावून सांगावं लागलं. पखवाजाच्या डाव्या बाजूला वाजवायच्या आधी ओल्या कणकेचा लगदा लावतात, त्याशिवाय तो घुमत नाही. भजन संपलं की ती खरडून काढायची आणि गाईला घालायची. आजोबांना हे पटेचना. त्यांनी दोनदा विचारलं, "पीठ? खायचं पीठ?" मी म्हटलं, हो, आमच्याकडं वाद्यही जेवून मगच गातं. हे वाक्य मला तिथंच सुचलं आणि मी स्वतःवर फार खूश झालो.

आई कणकेचा गोळा घेऊन आली. अण्णांनी तो पाणी लावून दाबून बसवला, हात मारला, आणि फस्स झालं. गोळा एका बाजूनं सुटला आणि मांडीवर पडला. त्यांनी तो उचलून पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग बोटांवर घोळवून बघितला, वास घेतला, आणि आईकडं वळून बघितलं.

"ह्याच्यात तेल हाय. मीठ बी हाय."

"पोळ्यांची हाय ती," आई म्हणाली. "सकाळची उरलेली."

"पखवाजाला तेलामिठाची कणीक कोण देतं?"

आमच्या घरात ही चूक आजवर कुणी केली नव्हती. आई ह्या घरात आल्यापासून भजनाच्या दिवशी कणीक मळताना आधी नुसत्या पाण्यातला एक गोळा बाजूला काढायची आणि मग उरलेल्या पिठात तेलमीठ घालायची. तिचा हात आपोआप तसा चालायचा. ती दारापाशी उभी राहिली, आणि जे बोलली ते काही भांडणाच्या सुरात नव्हतं.

"मोकळी कणीक आता कोण काढून ठेवील? तुमी मागितली कधी? माझ्या हाताची सवय बी गेली की."

अण्णा हातातल्या गोळ्याकडं बघत राहिले. मंडळानं त्यांना मागं टाकलं होतं ते त्यांनी सोसलं होतं, उलट त्याचा एक ताठा धरून बसले होते. पण आपल्याच घरातलं स्वयंपाकघरही पखवाज विसरलं, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि ते कुणी केलं, हे त्यांना तिथल्या तिथं कळलं. मला त्यांचा चेहरा नीट दिसत होता. आजोबांना शब्द कळत नव्हते, पण त्यांनी टेबलावरचे हात उचलून मांडीवर घेतले.

"जरा पीठ काढ," अण्णा हळूच म्हणाले. "मीच मळतो."

"बसा तुमी," आई म्हणाली. "हात खराब करू नका."

ती आत गेली. डब्याचं झाकण वाजलं, परातीत पाणी पडलं. आम्ही सगळे, दोन देशांत मिळून, ती कणीक मळली जायची वाट बघत बसलो. इतका भरलेला निवांतपणा मी पुन्हा अनुभवला नाही.

मग अण्णांनी वाजवलं. सुरुवातीला बोटं अडखळली, एकदा हात घसरला, तेव्हा त्यांनी स्वतःलाच एक शिवी घातली जी मी भाषांतरित केली नाही. पण एकदा ठेका बसला, आणि तो डावा हात वर गेला, थांबला, आजोबांचा श्वास अडकला, आणि मग पडला. मोबाइलच्या टिचभर भोंग्यातून तो घुमारा काय येणार. पण टेबलावरच्या चमच्याला तो कळला. अण्णा थांबत होते आणि कुणाला झोप येत नव्हती. माझी छाती अशी भरून आली की मला त्या गावातल्या प्रत्येक दारावर जाऊन सांगावंसं वाटलं, हे माझे वडील. बायको वरून खाली आली होती. ती आमच्याच जिल्ह्यातल्या सोनपेठची, एरवी झरीच्या माणसांच्या ऐटीची टिंगल केल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नाही. तीही दाराला टेकून मुकाट ऐकत होती.

संपल्यावर अण्णांनी कपाळ पुसलं. "त्याला म्हणावं, आता तू वाजव. सावकाश."

आजोबांनी वाजवलं. अण्णा म्हणाले, "आता जरा बराबर हाय." ही त्यांच्याकडची मोठीच शाबासकी. आम्हा भावंडांना कधी मिळाल्याचं आठवत नाही.

त्यानंतर मी मुद्दामच काही विचारलं नाही. देवळात जाता का, मंडळाचं काय, एक अक्षर नाही. अण्णांना ढकललं की ते उलटे मागं येतात. आमच्या सगळ्या घराण्याचंच तसं आहे, माझंही.

मग काही आठवड्यांनी एकादशी आली. मी कंपनीतून जरा लवकर निघालो होतो. बाहेर उजेड होता, झरीत दिवेलागण होऊन गेली असणार. सायकल हातात धरून चालता चालता मी घरी फोन लावला. अण्णांचा फोन वाजून वाजून बंद झाला. असं कधी होत नाही. पोराचा फोन म्हटल्यावर ते जेवणाच्या ताटावरूनही उठतात. दुसऱ्यांदा लावला, तरी तेच. मग आईला लावला. तिनं उचलला.

"अण्णा कुठं हायेत? फोन उचलत न्हाईत."

"देवळात गेलेत."

"बसायला?"

"वाजवायला," आई म्हणाली. "पखवाज खुंटीवरून उतरलाय हे कळल्यावर मंडळाचीच दोघं जण आली होती बोलवायला. हे आधी नको नको करायलेते. मी म्हणलं, जा, कणीक काढून ठेवलीय."

मी सायकल कुंपणाला लावली. म्हटलं, माय, जरा अंगणात जा आणि फोन देवळाच्या अंगाला धर. ती गेली. आधी वारा आला, मग भोंग्याची खरखर, टाळ, पोरांचे चढे आवाज. चाल तीच, धावणारी. आणि मग एका ओळीच्या शेवटी सगळे टाळ पुढं निघाले असताना खालून काहीतरी अडलं. एक क्षण रिकामा गेला. सगळी पोरं त्या रिकाम्या जागेत थांबली, थांबावंच लागलं त्यांना, आणि अण्णांचा हात पडला.

मी रस्त्यात उभा राहून रडलो. अभिमानानं रडलो, लाजायचं काय त्यात.

"ऐकू आलं का?" आईनं विचारलं.

"आलं. अजून जरा धर."

"आता किती धरू," आई म्हणाली. "ठेव तू. मला बी जायचंय ऐकायला."