मुलाकडचे आले तेव्हा मी हनोईत होतो

हे मी लिहावं की नाही, याबद्दल मला अजून शंका आहे, म्हणून आधीच माफी मागून ठेवतो. प्रवासाबद्दल लिहिणारी माणसं वेगळी असतात. त्यांना सूर्योदय दिसतात, अनोळखी माणसं त्यांना आयुष्याबद्दल काहीतरी सांगतात. मी व्हिएतनामला जाऊन नाताळ घालवून आलो आणि मला मुख्यतः एका हॉस्टेलचं काउंटर दिसलं, तेसुद्धा आतल्या बाजूने.

एकट्याने जायचं असं मी ठरवलं नव्हतं. कॉलेजातले आम्ही तिघे जाणार होतो. एकाच्या घरी कळलं, दुसऱ्याचा पासपोर्ट आला नाही, आणि मी उरलो. पाठीवर सॅक टाकून एकटं जग फिरणाऱ्यांना लोक धाडसी म्हणतात. माझं तिकीट रद्द होत नव्हतं, एवढंच माझं धाडस.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला आणि विमानात बसलेलाही पहिला. आम्ही मूळचे वाशीमकडचे. बाबा बिबवेवाडीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात. ताईने बारावीनंतर शिक्षण सोडलं आणि ती चष्म्याच्या दुकानात लागली, म्हणून मला कॉलेजात जाता आलं. (हे ती कधी बोलून दाखवत नाही. ते काम आई करते.)

तर त्या ताईचं लग्न ठरत होतं. खरं म्हणजे ठरत नव्हतं. आधी येऊन गेलेल्या सगळ्यांनी ‘कळवतो’ म्हणून सांगितलं होतं, आणि पुण्यात ‘कळवतो’ हेच पूर्ण उत्तर असतं. खडकीच्या क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या अमोलचं स्थळ मात्र वेगळं वाटत होतं. एका नातेवाइकांकडे दोघांची भेट झाली, तेव्हा चहा झाल्यावर तो स्वतः उठून कप आत नेऊन ठेवून आला. ताई घरी आल्यावर म्हणाली, “विसळलेसुद्धा.” ती कोणत्याही मुलाबद्दल इतकं भरभरून बोलल्याचं मला आठवत नाही.

आता मुलाकडचे आमचं घर बघायला येणार आणि मग उत्तर देणार, असं ठरलं होतं. पहिल्या भेटीला परीक्षेमुळे मी नव्हतो, त्यामुळे मलाही त्या वेळी बघणार होते. मी तिकीट काढलं तेव्हा बोलणं संक्रांतीनंतरचं होतं. मी हनोईत उतरलो आणि त्यांचा निरोप आला की नाताळच्या आदल्या दिवशी येतो.

“ये आता पळत,” ताई फोनवर म्हणाली.

“ताई, मध्ये तीन देश आहेत.”

“मग तू नसलास तरी चालेल. तसंही तुला बघून कोणी होकार दिलाय असं झालेलं नाही.”

इथे गजूमामाची ओळख करून द्यायला हवी. गजूमामा आईचा धाकटा भाऊ. हिंजवडीला जाणारी कंपनीची बस चालवतो. त्याच्या बसमधले लोक अधूनमधून परदेशी जातात आणि पुन्हा त्याच्या बसमध्ये दिसत नाहीत. त्यामुळे परदेशी गेलेला माणूस तिकडेच राहतो, असा त्याचा अनुभवावर आधारलेला सिद्धांत आहे. मी आठवडाभर फिरायला चाललोय, हे मी त्याला नीट सांगितलं होतं. तो म्हणाला होता, “हाव, सगळे असंच सांगून जातात.”

मी निघालो त्याच संध्याकाळी त्याने आमच्या चौकात फ्लेक्स लावला.

ताईने मला त्याचा फोटो पाठवला. ‘परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन’ असं मोठ्या अक्षरांत. खाली माझा दहावीच्या निकालाच्या वेळचा फोटो, त्याला कोट चढवलेला. मागे विमान. फ्लेक्सवाल्याकडे व्हिएतनामचं चित्र नव्हतं म्हणून त्याने आयफेल टॉवर टाकला होता. शुभेच्छुकांमध्ये मामा, मामाचे मित्र आणि आमच्या गल्लीतला चिकन सेंटरवाला. फोटोखाली ताईने लिहिलं होतं, ‘शक्य असेल तर परत येऊ नकोस.’

मी मामाला फोन केला. “मामा, तो काढा ना. मुलाकडचे येणार आहेत.”

“अरे, म्हणून तर लावला,” मामा म्हणाला. “पोरीचा भाऊ फॉरेनले हाये म्हटल्यावर वजन पडते. तू फिकर करू नको.”

मी फिकर करू लागलो.

नाताळच्या आदल्या दिवशी हनोईत चांगलीच थंडी होती. मोठ्या चर्चसमोर इतकी गर्दी होती की मला तुळशीबागेची आठवण आली. स्कूटरवर पुढे उभी राहिलेली लहान मुलं सांताक्लॉजच्या कपड्यांत होती. सगळे फोटो काढत होते आणि मी सगळ्यांच्या फोटोंत मागे येत होतो. दुसऱ्या दिवशी हॉस्टेलवर एकट्या आलेल्या सगळ्यांचं एकत्र जेवण होतं, आणि प्रत्येकाने आपल्या घरचं काहीतरी करायचं होतं. मी पोहे करतो म्हणून सांगितलं होतं आणि दिवसभर शेंगदाणे शोधत होतो.

शेंगदाणे घेऊन हॉस्टेलवर शिरतोय तोच मामाचा फोन. आवाज एकदम दबलेला.

“मी गच्चीत हाये. मंडळी आली. त्यायनं चौकात तुझा फोटो पाह्यला. आता तुझ्याशी बोलाचं म्हणतात. व्हिडिओवर.”

“मग मी सांगतो ना, फिरायला आलोय म्हणून.”

“बिलकूल नाही. म्या सांगून बसलो, तू तिकडंच सेटल हायेस म्हणून. तू फक्त हसजो. अन् मागं जरा ऑफिससारखं काही दिसू दे.”

माझ्या खोलीत दुमजली पलंग होते आणि प्रत्येक पलंगाच्या कठड्यावर कुणाची तरी अंतर्वस्त्रं वाळत होती. ऑफिससारखं म्हणावं असं त्या इमारतीत एकच ठिकाण होतं, ते म्हणजे खालचं काउंटर. तिथे लिन नावाची मुलगी बसायची. मी तिला मोडक्या इंग्रजीत सांगितलं की माझ्या बहिणीच्या लग्नाचा प्रश्न आहे आणि मला थोडा वेळ तुझ्या खुर्चीत बसायचंय. मला वाटलं होतं, हे तिला समजवायला बराच वेळ जाईल. पण ती लगेच उठली. मुलाकडचे म्हटल्यावर जे गांभीर्य यायला हवं, ते तिच्या चेहऱ्यावर आलं. फक्त तिची एक अट होती. नाताळात काउंटरवर जो बसेल त्याने लाल कोट आणि गोंड्याची टोपी घालायची, असा मालकाचा नियम होता.

मी टोपी काढायच्या विचारात होतो, तेवढ्यात फोन वाजला.

पडद्यावर अमोलचे वडील होते. त्यांच्या खांद्यामागे अमोल, बाजूला त्याची आई, आणि पार मागे दाराच्या चौकटीत ताई. बाबा दिसत नव्हते. नंतर कळलं की फोन तेच धरून उभे होते.

“नमस्कार,” अमोलचे वडील म्हणाले. मग त्यांनी चष्मा जरा वर सरकवून माझी टोपी बघितली. “सणाची तयारी जोरात दिसते.”

“नमस्कार काका. हो. इथे थंडी पण आहे.”

“ते दिसतंच आहे. आपण काय करता तिकडे?”

मामाने सांगितल्याप्रमाणे मी हसलो.

तेवढ्यात काउंटरसमोर एक ऑस्ट्रेलियन येऊन उभा राहिला. साधारण आमच्या दाराइतका. त्याला टॉवेल हवा होता. काउंटरमागे खाली बसलेल्या लिनने टॉवेल माझ्या हातात दिला आणि मी तो त्याला दिला. तो थँक्यू म्हणाला. मी वेलकम म्हणालो. एवढं झाल्यावर मी परत फोनकडे बघितलं.

“आपण हॉटेलात आहात का?” काकांनी विचारलं.

“मॅनेजर हाये,” मामाचा आवाज आला.

“अस्सं. मॅनेजर टॉवेल देतात तिकडे?”

“तिकडं कामाची लाज नसते ना,” मामा म्हणाला.

आता एका बाईला खोलीची किल्ली हवी होती. तिच्यामागे उभा असलेला माणूस मला सांगत होता की वरच्या मजल्यावरचा फ्लश सुरू झाला आहे तो थांबतच नाही. ऑस्ट्रेलियन परत आला. हा टॉवेल ओला आहे, असं त्याचं म्हणणं होतं. लिन वर फ्लश बघायला पळाली आणि मी एका हाताने किल्ल्या शोधत, दुसऱ्या हाताने टॉवेल बदलून देत, पडद्याकडे बघून हसत राहिलो. टोपीचा गोंडा सारखा डोळ्यांवर येत होता.

“मोठीच जबाबदारी आहे,” काका म्हणाले. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. मला वाटतं, चढवला असता तर बरं झालं असतं.

मग फोन जरा हलला (बाबांचा हात अवघडला असावा) आणि ताई पडद्याच्या मधोमध आली. ती माझ्याकडे बघत नव्हती. अमोल चहाचा कप हातात घेऊन उभा होता, आणि तो कप कुठे ठेवायचा हे त्याला कळत नव्हतं, आणि ती त्या कपाकडे बघत होती. मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. मी टोपी काढली.

“काका, मी इथे कामाला नाही. फिरायला आलोय. एकटाच. हे काउंटर पण माझं नाही. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढच्या आठवड्यात घरी येतोय. मामांचा गैरसमज झाला. ताईला यातलं काही मान्य नव्हतं.”

मामाने घसा साफ केल्याचा आवाज आला, पण त्या घशातून पुढे काही निघालं नाही.

काका म्हणाले, “बरं.”

आणि फोन बंद झाला.

मी लगेच ताईला फोन केला. तिने उचलला नाही. मग मेसेज आला, ‘नंतर बोलते.’ मामाचा फोन बंद. आईने उचलला आणि विचारलं, “जेवला का?” मी विचारलं, “आई, ते काय म्हणाले?” आई म्हणाली, “कळवतो म्हणे,” आणि तिने पुन्हा विचारलं, “जेवला का पण तू?”

मी जेवलो नव्हतो. त्या रात्री जेवलोही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्टेलच्या गच्चीवर ते एकत्र जेवण झालं. माझे पोहे झाले होते, पण तिथले पोहे म्हणजे कोवळ्या हिरव्या भाताचे असतात, हे मला कढईत टाकल्यावर कळलं. त्याचा जो गोळा झाला तो लोकांनी कौतुकाने चमच्याने कापून खाल्ला. टेबलावर एक जर्मन मुलगा, ब्राझीलची एक शिक्षिका, तो टॉवेलवाला ऑस्ट्रेलियन आणि अजून काहीजण होते. मी सारखा फोन बघतोय म्हटल्यावर त्यांनी कारण विचारलं, आणि मी सांगितलं.

“म्हणजे तुझी बहीण आणि तो मुलगा एकमेकांना आवडतात?” ब्राझीलच्या शिक्षिकेने विचारलं.

“हो.”

“मग वाट कशाची बघताय?”

“मुलाच्या घरून कळवतो म्हणालेत.”

“मग कळवतील.”

“तसं नसतं,” मी म्हणालो, आणि त्यापुढे मला इंग्रजी सुचेना.

लिन ताट घेऊन शेजारी बसली होती. तिने शिक्षिकेला हळूच समजावलं की आमच्याकडेही असंच असतं, घरी आलेले पाहुणे चहा पिऊन काही न बोलता गेले तर आईला आठवडाभर झोप येत नाही. मग ऑस्ट्रेलियनला एकदम अपराधी वाटायला लागलं. तो दर थोड्या वेळाने विचारायचा, “माझ्या टॉवेलमुळे झालं का?” मी नाही म्हणायचो. पण फार जोर लावून म्हणत नव्हतो.

जगाच्या चार कोपऱ्यांतून आलेली, घरच्यांपासून लांब राहायला म्हणून निघालेली ती सगळी माणसं नाताळच्या दिवशी खडकीहून येणाऱ्या निरोपाची वाट बघत बसली होती.

फळं वाटली जात असताना फोन वाजला. बाबांचा होता. बाबा स्वतःहून कधी फोन करत नाहीत. सगळ्यांनी चमचे खाली ठेवले.

“होकार आला,” बाबा म्हणाले.

मी मान हलवली, आणि कुणालाही भाषा कळली नसताना टेबलावर टाळ्या वाजल्या. जर्मन मुलाने ऑस्ट्रेलियनला मिठी मारली.

“तिकडे काय चाललंय?” बाबांनी विचारलं.

“लोकांना आनंद झालाय. ताई?”

“स्वयंपाकघरात आहे. एकटीच हसतेय.”

“पण बाबा, काल तर ते सरळ फोन ठेवून...”

“अरे, ‘कळवतो’ म्हणाले, पण काल ते नाहीच म्हणणार होते. चौकात तुझा फोटो बघितला तेव्हाच त्यांच्या मनात आलं होतं. एकुलता एक मुलगा परदेशात म्हटल्यावर उद्या आमचं दुखणं-खुपणं सगळं अमोलवर पडणार. अमोलला स्वतःचे आईवडील आहेत. त्यांचंही बरोबरच आहे.”

“मग मी खरं सांगितलं म्हणून त्यांनी...”

“नाही,” बाबा म्हणाले. ते जरा अडखळले. दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगायची त्यांना सवय नाही, पण या वेळी त्यांनी सांगितलं. “खरं-खोट्याचं ते काही बोलले नाहीत. ते म्हणाले, तुमच्या मुलाला काम करताना आम्ही नीट बघितलं. आता आम्हाला काळजी नाही. याला परदेशात कोणी ठेवून घेणार नाही.”