धवलारणीचे दोन दिवस

“ऊन आनि पानी बघायला मुंबईला जायचं? मग आपल्या मिठाच्या आगरावर काय चांदनं पडतं?”

दयारामने हे भाकरीचा तुकडा कालवणात बुडवता बुडवता विचारलं. वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं होतं की गेले काही दिवस तो ते रोज जेवताना म्हणत होता, आणि त्याचा धाकटा भाऊ जगन रोज नव्याने हसत होता.

त्याची बायको सत्यवती चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने मान वर न करता सांगितलं, की ती ऊन बघायला जात नाही, नाटक ऐकायला जाते आहे. माझगावच्या नणंदेचा मुलगा भगवान तिकिटं काढून देणार आहे. शनिवारचं एक आणि रविवारचं एक.

म्हातारे तुळशीराम, तिचे सासरे, खांबाला टेकून बसले होते. त्यांचं म्हणणं पडलं, की नाटक पाहायला एवढ्या लांब कशाला जायला हवं, जत्रेत तमाशा येतोच.

“तमाशा बायांनी बघायचा नसतो, असं तुमीच म्हनता मामा,” सत्यवती म्हणाली.

“मग नाटक तरी कशाला बघायचं?” म्हातारे म्हणाले, आणि त्यांच्यापुरता तो विषय संपला.

मैना, जगनची बायको, तव्यावरच्या भाकऱ्या उलटवत होती. चार वर्षांपूर्वी ती लग्न होऊन या घरात आली होती. मोठ्यांच्या भांडणात तोंड घालायचं नाही, एवढं तिला माहेरीच शिकवलेलं होतं.

भांडण पैशाचं नव्हतं. लांबच्या वाटेचंही नव्हतं. करंजाड्याच्या घरून पनवेल, तिथून एस.टी.ने उरण, पुढे मोरा बंदर आणि तिथून लाँचने भाऊचा धक्का ही वाट सत्यवतीच्या पायाखालची होती. एकोणीसशे अठ्ठावन्न सालापर्यंत ती कितीदा तरी मुंबईला जाऊन आली होती. पण प्रत्येक वेळी कुणाची तरी हळद असायची, नाहीतर लग्न असायचं. सत्यवती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवळे गाणारी. तिने गायल्याशिवाय मांडव उभा राहत नाही, हळद लागत नाही, नवऱ्यामुलीच्या अंगाला तेल चढत नाही. पनवेलपासून पळस्प्यापर्यंतच्या गावांत लग्नाची सुपारी फुटली की ब्राह्मणाकडे जायच्या आधी माणूस तिच्याकडे यायचा.

ही विद्या तिला सासूने दिली होती. चिरनेरहून नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासू तिला जात्यावर समोर बसवायची आणि एकेक धवळा म्हणायची. चुकलं की सासू जातं थांबवायची, आणि जातं थांबलं की पीठ व्हायचं नाही, म्हणून सत्यवती भराभर शिकली. सासू गेल्यावर बोलावणी आपोआप तिच्याकडे आली. बिदागी म्हणजे खण, नारळ आणि सुपातले तांदूळ. बोलावणं आलं की नाही म्हणायची सोय नाही. धवलारणीने नाही म्हणणं म्हणजे त्या घराला अपशकुन.

लोक तिला मान देत, पण तो मान उभ्याने घ्यावा लागे. पहाटे मांडवात पहिली ती, रात्री शेवटच्या पंगतीला जेवणारीही तीच. चौक काढायचा, कलश मांडायचा, आणि सगळा वेळ गायचं. तिच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नातही तीच गायली होती. मुलगी निघाली तेव्हा सगळ्या बाया रडल्या. सत्यवती रडली नाही, कारण धवळा अर्ध्यात तोडायचा नसतो. तो संपला तेव्हा गाडी रस्त्याला लागली होती. मागून एक बाई दुसरीला म्हणाली, की आई असून हिचे डोळे कोरडे. सत्यवतीने ते ऐकलं आणि पुढचा धवळा सुरू केला.

नाटकाचं वेड तिला दोन वर्षांपूर्वी लागलं. गिरगावात एका लग्नाला गेली होती. दुपारी नवऱ्याकडची माणसं चौपाटीवर फिरायला निघाली आणि तिलाही घेऊन गेली. वाळूत माणसं नुसती बसली होती. पाण्याकडे तोंड करून, उन्हात, हातात काही काम नाही. एक दाढीवाला कठड्यावर बसून कागदावर होड्या रंगवत होता आणि त्याला कुणी हटकत नव्हतं. परतताना दिवे लागले होते. वाटेत कनातींनी बांधलेलं नाटकाचं थिएटर लागलं. आत एक बाई गात होती. सत्यवतीने कनातीच्या फटीतून पाहिलं. रांगांनी खुर्च्या, खुर्च्यांवर माणसं, त्यांत बायासुद्धा, केसांत गजरे माळलेल्या. त्या गात नव्हत्या, वाढत नव्हत्या, उठून कुणाला पाणी देत नव्हत्या. ऐकत होत्या. गाणं पुरं व्हायच्या आत बरोबरच्या बायांनी तिला ओढलं, कारण हळद खोळंबली होती.

तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं. एकदा अशा खुर्चीवर बसून गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. दिवाळीला भगवान आला तेव्हा त्याला सांगितलं. तो गोदीत कारकून होता आणि नाटकांचा षोकी होता. त्याने माघातल्या एका शनिवार-रविवारची तिकिटं काढायचं कबूल केलं.

दयारामचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मीठ पडायला लागलं होतं. पहाटेपासून तो आणि जगन आगरावर असत, आणि भाकऱ्या वेळेवर पोचल्या नाहीत तर मजुरांसमोर त्याची शोभा होई. त्याने एक तोडही काढली.

“पावसात जा. पावसात आगर बंद, लग्नं बंद. कोन अडवतंय?”

“पावसात लाँचचा नेम नाय. आनि नाटकाच्या कनाती तेवा सोडून ठेवलेल्या असतात.”

या भागात सगळं उन्हाच्याच दिवसांत होतं. मीठही तेव्हाच, लग्नंही तेव्हाच, समुद्रही तेव्हाच शांत. बाईमाणूस मोकळं होतं ते बाहेरचं सगळं बंद झाल्यावर. दयारामने हात धुतले आणि जायचं नाही म्हणजे नाही, असं सांगून तो ओटीवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी शिवा तांडेल मिठाचा मचवा भरायला आला. त्याच्याकडे माझगावच्या हौसाचा, म्हणजे नणंदेचा, निरोप होता. वहिनी येतेच आहे, तर शनिवारी सांच्याला शेजारच्या पोरीची हळद आहे ती तिने करावी. शेजारीण उरणची आहे, तिला मुंबईत आपल्यातली धवलारीण मिळत नाही. हौसाने तिला शब्द देऊन टाकला होता.

निरोप ऐकून घरातलं वारं एकदम फिरलं. तुळशीराम म्हणाले, हौसाचा शब्द मोडता येणार नाही. जगन म्हणाला, भाकऱ्यांचं मैना बघेल. आणि दयाराम, ज्याने आदल्या दिवशी जायचं नाही म्हणजे नाही असं सांगितलं होतं, तो अगदी मोकळेपणाने म्हणाला, “मग जा की. आता कामच हाय म्हटल्यावर कोन नको म्हनतो?”

वर त्याने मोऱ्यापर्यंत सोबतीला कोण आहे, त्याचीही चौकशी केली. त्याच्या मनात खोट नव्हती. बायकोचं मन राखल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

सत्यवतीने मनात हिशेब मांडला. परवानगी मिळाली होती आणि शनिवारचं नाटक गेलं होतं. रविवारचंही खरं नव्हतं, कारण हळदीमागून लग्न येतं आणि हळद लावणारी लग्न सोडून जात नाही.

दुपारी ती आणि मैना जात्यावर बसल्या. सत्यवतीने खुंटा धरला आणि म्हणाली, “हळदीचा म्हन.”

मैना दचकली. गेली चार वर्षं ती मागे बसून झील धरत होती, पुढे होऊन कधी गायली नव्हती. तिने सुरुवात केली, दबक्या आवाजात. मग जात्याची लय सापडली तसा आवाज उघडला. हळदीचा झाला, तेलाचा झाला, मांडवाचा झाला. सत्यवती चूक निघायची वाट पाहत राहिली. चूक निघाली नाही. उलट एके ठिकाणी, जिथे तिला स्वतःला आता धाप लागायची, तिथे मैना सहज वर चढून गेली.

“हे तू कवा शिकलीस?”

“तुमच्या मागं बसूनच, आक्का.”

“मला बोलली नायस.”

“तुमी इचारलं नाय.”

दळण संपेपर्यंत सत्यवती खुंटा ओढत राहिली. मैना एकदा एकटी गायली की काय होईल, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. माझगावची बातमी शिवाच्या मचव्यावरून उरणला येईल आणि तिथून करंजाड्याला. मैनेचा गळा कोवळा आहे, पाठ चोख आहे, आणि ती पोरसवदा आहे, हसतमुख आहे. पुढल्या हंगामात सुपारी फुटली की माणूस दारात येईल आणि विचारेल, धाकटी आहे का घरात? मोठीला मग मागे बसून झील धरावी लागेल. तिच्या सासूने मरेपर्यंत जागा सोडली नव्हती.

तिने पीठ डब्यात भरलं. मैना म्हणाली, “लोक काय म्हनतील, आक्का? तुमी असताना मी पुढं बसले तर?”

“म्हनतील ते म्हनतील. लुगडं कुठलं नेसशील ते बघ.”

मग ती पदर खोचून बंदरावर गेली. शिवा मचव्याचं शीड बांधत होता. त्याच्याशी दोन शब्द बोलून ती परत आली आणि चूल पेटवायला लागली.

संध्याकाळी तिघे पुरुष जेवायला बसले. दयाराम खुशीत होता. लाँच सकाळी लवकर धर, हौसासाठी सुके बोंबील घेऊन जा, असं तो सांगत होता. सत्यवतीने तिघांच्या ताटात भाकऱ्या वाढल्या, कालवण वाढलं आणि तवा खाली उतरवून ठेवला.

“हौसाला निरोप गेलाय,” ती म्हणाली. “शनिवारची हळद आनि रविवारचं लगीन मैना करील. मी तिच्यासंगं जाते, पन दोन्ही दिस सांच्याला मी नाटकाला बसनार. आमी सोमवारी येऊ. पीठ दळून ठेवलंय, भाकऱ्या तुमच्या तुमी थापा.”