आसारामची ठशांची वही

तहसील कचेरीच्या फाटकासमोर, झेरॉक्सच्या दुकानाला खेटून आसाराम गडदेची पत्र्याची टपरी. रबरी शिक्के करून मिळतील. एकतीस वर्षं हाच धंदा. बाप धर्मापुरीकडं मेंढरं वळायचा, पण पोराचं मन मेंढरांत रमेना. मग ते एका शिक्केवाल्याच्या हाताखाली राहिलं आणि रबरावर ब्लेडनं उलटी अक्षरं कोरायला शिकलं. आता मशीन आलं, तरी शेवटचा हात आसाराम ब्लेडनंच फिरवणार. माणूस स्वभावानं आडमुठा. एकदा नाही म्हटलं की नाही, मग समोर सासरा असो का सरपंच.

सरकारी शिक्का करायचा तर साहेबाच्या सहीचं पत्र पाहिजे, पत्र नाही तर शिक्का नाही, हा त्याचा कायदा. शिक्का तयार झाला की पहिला ठसा स्वतःच्या जाड वहीत उठवायचा. खाली तारीख, पत्राचा नंबर, नेणाऱ्याची सही. उद्या कुणी खोटा शिक्का चालवला तर खरा कुठला ते वहीवरून कळेल, असं त्याचं म्हणणं. कुणी सांगितलं होतं का हे करायला? कुणीच नाही. तलाठी, ग्रामसेवक, मंडळ अधिकारी, खुद्द कचेरीचा गोल शिक्का, सगळ्यांचे ठसे त्या वहीत होते. बायको साखराबाई कपाळाला हात लावायची. "काम रबराचं अन् रुबाब कलेक्टरचा," म्हणायची.

एक दिवस विजयसिंह टपरीवर आला. गेवराईकडून वाळू आणणारा, चार टिप्परचा मालक, पुढाऱ्यांत ऊठबस.

"काका, कचेरीचा गोल शिक्का पायजे. आजच्या आज."

"पत्र आना."

"पत्रालाच तर शिक्का लागतो ना," विजयसिंह हसला.

"मग न्हाई व्हायचं."

"तुमी न्हाई तर दुसरा कोनी करंल. कावून डोक्याला ताप करून घेता?"

घरी साखराबाईनंही तेच सांगितलं. "न्हाई म्हनलात ना? झालं. आता गप बसा." पण गप बसेल तो आसाराम कसला. इस्त्रीचा सदरा घातला, वही काखेत मारली आणि गडी सरळ पोलीस ठाण्यात. बनावट शिक्का होणार आहे, असा लेखी अर्ज दिला, विजयसिंहच्या नावासकट. फौजदारानं खुर्ची दिली, चहा पाजला, वही पानापानानं चाळली. "फार मोलाचं काम केलंत, काका. तपासासाठी वही इथंच राहू द्या." आसारामची छाती फुगली. तरी त्यानं पावती मागितली. मिळाली. 'जुनी वही एक' एवढंच तिच्यावर लिहिलेलं, खाली ठाण्याचा शिक्का. शिक्का आसारामनंच केलेला होता. तो बघितला आणि त्याचं समाधान झालं. भोळा म्हणा नाहीतर येडा म्हणा, कागदावर शिक्का दिसला की या माणसाचा विश्वास बसायचा.

पुढं तीन महिने हेलपाटे. "वही द्या ना साहेब." "तपास चालू आहे." दर सोमवारी हेच.

मग मांजरसुंब्याला जिल्ह्याच्या पथकानं विजयसिंहचा टिप्पर अडवला. वाळूच्या परवान्यावर कचेरीचा गोल शिक्का होता, पण पथकाच्या साहेबाला शंका आली. शिक्का खरा का खोटा, याचा करणाऱ्याकडून लेखी जबाब घ्या, असा हुकूम ठाण्याला आला. फौजदारानं आसारामला बोलावलं.

आसारामनं परवान्यावरच्या ठशाला भिंग लावलं. शिक्क्याच्या कडेला केसाएवढी बारीक रेघ होती. सात वर्षांपूर्वी कचेरीच्या शिक्क्याचा पहिला ठसा वहीत उठवल्यावर ती त्याला दिसली होती. रबराचा धागा राहिला होता. तो त्यानं ब्लेडनं तासला आणि मगच शिक्का कचेरीत दिला. म्हणजे ही रेघ जगात एकाच जागी होती, त्याच्या वहीत. चोरांनी वहीतला ठसाच जसाच्या तसा उचलला होता, रेघेसकट.

"साहेब, ह्यो खोटा हाय," तो म्हणाला. "अन् माज्या वहीवरून केलाय. ही रेघ फकस्त माज्या वहीतल्या ठशात व्हती. वही तुमच्याकडं हाय."

फौजदार रागावला नाही. त्यानं कपाटातून एक शाळकरी वही काढली, कोरी करकरीत, आणि टेबलावर ठेवली. "पावतीवर काय आहे? जुनी वही एक. ही घ्या तुमची वही."

आसारामनं ती उलटून पाहिली, एकही ठसा नव्हता. 

"नीट ऐका, काका. शिक्का खोटा म्हणालात तर केला कुणी, हा प्रश्न येणार. मूळ ठसा एकट्या तुमच्याकडं होता, हे तुम्हीच आत्ता म्हणालात. शिक्के करायचं मशीनही तुमच्याकडं. पहिला आरोपी तुम्ही. आणि खरा म्हणालात तर विषय मिटला, घरी जा."

"माजा अर्ज हाय ना साहेब. विजयसिंहच्या नावाचा."

"कुठला अर्ज?"

आसारामनं खिडकीतून बाहेर बघितलं. विजयसिंह फटफटीला टेकून मोबाईलवर बोलत होता. ज्यानं जन्मभर पत्राशिवाय रबराला ब्लेड लावलं नाही, त्याच्याच हातून आता खोट्याला खरं करून घ्यायचं होतं. या लोकांना शिक्का केव्हाच मिळाला होता, कमी होती ती आसारामच्या सहीची. शरमेनं त्याचे कान तापले. पण कोठडीही त्याला डोळ्यांपुढं दिसत होती, आणि कोठडीबाहेर भाकरीचं फडकं घेऊन बसलेली साखराबाई.

'सदर शिक्का मी केलेला असून खरा आहे.' अक्षर त्याचं सुरेख. सही केली. फौजदार म्हणाला, "खाली दुकानाचा शिक्का मारा." तोही मारला. ठसा स्वच्छ उठला.

दुपारी तो घरी आला, हातपाय न धुताच जेवायला बसला.

"काय सांगितलं मग?" साखराबाईनं विचारलं.

"शिक्का खरा हाय म्हनलो."

तिनं सुटकेचा श्वास टाकला. "लई बरं केलं," म्हणाली, आणि त्याच्या ताटात गरम भाकर वाढली. लग्न झाल्यापासून त्याच्या कामाला तिनं कधी बरं म्हटलं नव्हतं. आज म्हटलं, तेही अगदी मनापासून. आसारामनं ताट सरकवलं आणि तो उठला.